८२० की ९०००? सांगली-साताऱ्याच्या घरांसाठी यूएचडी डिस्क प्लेअरची पारख

४के चित्रपटांच्या यूएचडी ब्लू-रे डिस्क वाजवणारा प्लेअर घ्यायचा, तर निकाल आधीच सांगतो. घरात टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे, आवाज एचडीएमआयवाटे रिसीव्हरला (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) जातो आणि तुम्ही मुख्यतः चित्रपट पाहता, तर पॅनासॉनिकचा डीपी-यूबी८२० घ्या. जुना चांगला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल आणि त्यावर सीडी ऐकत असाल, तरच पॅनासॉनिकचाच यूबी९००० किंवा मॅग्नेटार कंपनीच्या प्लेअरकडे बघा. एसएसीडीचा, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाच्या डिस्कचा संग्रह असेल आणि हात आखडता असेल, तर सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२. ओप्पो कंपनीचा जुना, आता न बनणारा प्लेअर मोह घालतो, पण तो आता पारखून घेण्याची वस्तू झाली आहे.

महागड्या प्लेअरबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज चित्राचा. डिस्कवरचा आकड्यांचा प्रवाह नीट वाचून एचडीएमआयवर सोडणे एवढेच काम असेल, तर ते पाचशे डॉलरचे यंत्र आणि तीन हजार डॉलरचे यंत्र सारखेच करते. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत यूबी८२० ची किंमत ५०० डॉलर होती आणि यूबी९००० ची १,००० डॉलर. दोन्हींत चित्रावर काम करणारा एचसीएक्स प्रोसेसर एकच. ८२० चे वजन २.४ किलो, ९००० चे ७.८ किलो. वाढीव पैसा जातो तो भक्कम सांगाड्यात, अ‍ॅनालॉग आवाजाच्या सर्किटमध्ये आणि मागच्या एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या अ‍ॅनालॉग आवाजाच्या जोडण्यांत. त्या जोडण्या तुम्ही वापरणार नसाल, तर दुप्पट पैसे देऊन तेच चित्र घरी आणाल.

मुळात डिस्क कशाला, हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. ओटीटीवरचा ४के चित्रपट साधारण १५ ते २५ मेगाबिट प्रतिसेकंद एवढ्यात बसवलेला असतो. यूएचडी ब्लू-रेची कमाल मर्यादा १२८ मेगाबिट. धूर, पाऊस, रात्रीचे आकाश अशा दृश्यांत हा फरक सरळ दिसतो. ओटीटीवर गडद भागात चौकोनी ठिपके पडतात, डिस्कवर पडत नाहीत. आवाजाचा फरक त्याहून मोठा आहे. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, म्हणजे काटछाट करून येतो. डिस्कवरचा ट्रूएचडीमध्ये, स्टुडिओतल्यासारखा अखंड. पाच स्पीकर आणि सबवूफर असलेल्या घरात हे पहिल्या दहा मिनिटांत कळते. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणाऱ्याने यासाठी खर्च करू नये.

आता एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारे चित्र. इथे मात्र प्लेअर-प्लेअरमध्ये खरा फरक आहे, आणि पॅनासॉनिक पुढे आहे तो इथेच. डिस्क तयार करताना १,००० किंवा ४,००० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) मॉनिटरवर रंग ठरवलेले असतात. आपला टीव्ही ६००-७०० निट्सचा, प्रोजेक्टरच्या पडद्यावर तर शंभराच्या आसपास. ढगामागचा सूर्य, वेल्डिंगच्या ठिणग्या, पांढरा सदरा यांतला तपशील मग जळून सपाट पांढरा होतो, किंवा तो वाचवण्यासाठी अख्खे चित्र काळवंडते. पॅनासॉनिकच्या दोन्ही यंत्रांतला एचडीआर ऑप्टिमायझर हा उजेड पडद्याच्या कुवतीत बसवून मगच बाहेर सोडतो. प्रोजेक्टर असलेल्यांनी दुसरा प्लेअर बघूच नये, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे सेटिंग पहिल्याच दिवशी करावे लागते आणि बहुतेक जण ते करत नाहीत. सेटअपमध्ये एचडीआर टीव्हीचा प्रकार विचारतात: ओएलईडी, जास्त उजेडाचा एलसीडी, साधा एलसीडी, प्रोजेक्टर. तिथे आपला प्रकार निवडा, ऑप्टिमायझर चालू करा. मग टीव्हीतले तेच काम करणारे ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ बंद करा. दोघांनी एकाच वेळी उजेड दाबला, तर चित्र धुतल्यासारखे फिके दिसते आणि दोष प्लेअरच्या माथी मारला जातो. डॉल्बी व्हिजनची, म्हणजे दृश्यागणिक उजेडाची माहिती देणाऱ्या एचडीआरची डिस्क त्याच रूपात जात असेल, तेव्हा ऑप्टिमायझर कामाचा नसतो. तिथे टीव्हीच सगळे ठरवतो.

डॉल्बी व्हिजन आणि त्याच धर्तीचे एचडीआर१०प्लस यांचा घोळ टीव्हीच्या कंपनीवरून सुटतो. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन दाखवत नाहीत, त्यांना एचडीआर१०प्लस लागते. एलजी आणि सोनीच्या ओएलईडीचे नेमके उलटे. पॅनासॉनिकची वरची दोन्ही यंत्रे आणि मॅग्नेटारची यूडीपी८००, यूडीपी९०० ही दोन्ही प्रकार देतात. सोनीचा एक्स८००एम२ फक्त डॉल्बी व्हिजन देतो. त्याची एक खोड माहीत असलेली बरी: डॉल्बी व्हिजन सेटिंगमधून हाताने चालू-बंद करावे लागते. चालू ठेवून साधी एचडीआर१० ची डिस्क घातली, तर तीही डॉल्बी व्हिजनच्या वेष्टनात जाते आणि रंग-उजेड बिघडतो. म्हणून प्रत्येक डिस्कच्या खोक्याची मागची बाजू वाचून बटण बदलायचे. एकट्याने बघणाऱ्याला जमते. घरात चार माणसे प्लेअर लावणारी असतील, तर महिन्याभरात सगळेच विसरतात.

पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घरात असेल, तर यूएचडी डिस्क त्यावर चालते. पण दोन्ही डिस्कवरचे डॉल्बी व्हिजन देत नाहीत, आणि पीएस५ साधी ऑडिओ सीडीही वाजवत नाही. सुरुवात करायला ठीक.

आवाजाकडे येऊ. मिरजेचे सतारी आणि तानपुरे २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसले, आणि या भागात अशी घरे अजून आहेत जिथे ख्यालाच्या सीडींचे कपाट टीव्हीपेक्षा मोठे आहे. त्यांच्यासाठी डॅकचा, म्हणजे आकड्यांचे आवाजात रूपांतर करणाऱ्या चिपचा प्रश्न खरा आहे. त्याची परीक्षा घ्यायला तानपुऱ्याइतके चांगले साधन नाही. गायक सुरू होण्याआधी नुसता तानपुरा वाजत असतो, तेवढा भाग निवडा. जवारी नीट लागलेल्या तारेतून एका स्वराबरोबर वरच्या स्वरांची जी रांग उठते, ती चांगल्या सर्किटमधून सलग, उमलत जाते. कमअस्सल सर्किटमधून तीच रांग कोरडी होते आणि वरच्या टोकाला पत्र्यासारखी खरखर येते. तुलना करताना दोन्ही जोडण्यांचा आवाज मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने सारखा करून घ्या. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो. इथेच सगळ्या घरगुती तुलना फसतात.

आता यातला सापळा. बहुतेक एव्ही रिसीव्हर अ‍ॅनालॉग जोडणीवरून आलेला आवाज पुन्हा आकड्यांत बदलतात, खोलीनुसार सुधारतात आणि मग स्वतःच्या डॅकमधून काढतात. म्हणजे मॅग्नेटार यूडीपी९०० मधल्या ईएस९०३८प्रो चिपचे काम रिसीव्हरच्या दारातच पुसले जाते. रिसीव्हरवर ‘प्युअर डायरेक्ट’ असेल आणि तुम्ही ते लावणार असाल, किंवा जोडणी थेट स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला असेल, तरच महाग डॅकला अर्थ आहे. यूडीपी८०० ची अमेरिकेतली किंमत १,५९९ डॉलर आणि ९०० ची २,९९९ ठेवली गेली. दोन्ही एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ वाजवतात, बांधणी उत्तम आहे, पण पॅनासॉनिकच्या तोडीचा ऑप्टिमायझर त्यांत नाही. ऐकणाऱ्याचा प्लेअर मॅग्नेटार, बघणाऱ्याचा पॅनासॉनिक. पॅनासॉनिकच्या दोन्ही यंत्रांत एसएसीडी चालत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. आपल्या संगीताच्या एसएसीडी इतक्या थोड्या निघाल्या, की पाश्चात्त्य संगीताचा संग्रह नसलेल्या घरात ही उणीव जाणवणार नाही.

उलट सोनी एक्स८००एम२ घेणाऱ्यांची एक चूक वारंवार होते. त्याला अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही. दोन एचडीएमआय आणि एक कोअ‍ॅक्शियल डिजिटल, बस्स. घरातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला फक्त लाल-पांढऱ्या आरसीए जोडण्या असतील, तर वेगळा डॅक विकत घ्यावा लागतो. त्यात एसएसीडीचा डीएसडी आवाज कोअ‍ॅक्शियलवरून बाहेर पडत नाही, म्हणजे ज्यासाठी प्लेअर घेतला तेच ऐकू येत नाही. एसएसीडीसाठी एचडीएमआय आणि डीएसडी स्वीकारणारा रिसीव्हर लागतो. यूबी८२० ला ७.१ अ‍ॅनालॉग जोडण्या आहेत. त्यातल्या पुढच्या डाव्या-उजव्या दोन वापरून सीडी थेट ऐकता येते.

रिसीव्हरवर ‘अ‍ॅटमॉस’ उमटत नाही ही नेहमीची तक्रार. प्लेअरमध्ये डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ करा आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद करा. सेकंडरी ऑडिओ चालू असला, की प्लेअर मेनूचे आवाज मिसळण्यासाठी मूळ आवाज आधी उलगडतो आणि अ‍ॅटमॉसची माहिती गळते. रिसीव्हरवर ‘मल्टी पीसीएम’ किंवा साधे ‘डॉल्बी डिजिटल’ दिसते. आवाज टीव्हीमार्गे फिरवत असाल, तर जुना एआरसी (टीव्हीतून रिसीव्हरला आवाज परत पाठवणारी एचडीएमआयची सोय) ट्रूएचडी वाहून नेत नाही, ईएआरसी लागतो. आणि रिसीव्हर जुना, ४के न ओळखणारा असेल, तर तो बदलायची घाई करू नका. ८२०, ९०००, सोनी, मॅग्नेटार या सगळ्यांना दुसरे एचडीएमआय फक्त आवाजासाठी आहे. मुख्य तार टीव्हीला, दुसरी रिसीव्हरला. वीस-तीस हजार वाचतात.

केबलबद्दल थोडे सविस्तर, कारण नवी डिस्क, नवा प्लेअर आणि तरी चित्र मधूनच काळे होते, याचे कारण दहापैकी बहुतेक वेळा केबल असते. ४के चित्र ६० हर्ट्झवर, ४:२:२ मध्ये (रंगाची माहिती निम्मी ठेवून) जाते तेव्हा १७.८२ गिगाबिट प्रतिसेकंद लागतात. तेच २४ फ्रेमच्या चित्रपटाला ८.९१ पुरतात. त्यामुळे एक खूण सापडते: प्लेअरच्या होम स्क्रीनवर चित्र तुटते, पांढऱ्या ठिणग्या दिसतात, आणि चित्रपट सुरू झाला की सगळे सुरळीत. अशा वेळी प्लेअर दुरुस्तीला नेऊ नका. आउटपुट १०८०पी करून बघा. दोष गेला तर केबल बदला. पाच मीटरपर्यंत ‘प्रीमियम हाय स्पीड’ खूण असलेली तांब्याची केबल पुरते. प्रोजेक्टरसाठी छतावरून दहा मीटर न्यायची असेल, तर फायबरची एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेले टोक प्लेअरकडे, ‘डिस्प्ले’ लिहिलेले प्रोजेक्टरकडे. उलटी ओढली, तर स्लॅबमधल्या पाइपातून पुन्हा काढावी लागते. नवे बांधकाम चालू असेल, तर वायरमनला सांगून त्यासाठी दीड इंची पाइप टाकून घ्या. पाऊण इंची पाइपात वळणावर एचडीएमआयचे डोके अडकते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचे ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ चालू करायलाही विसरू नका, नाहीतर एचडीआर येतच नाही.

आता खरेदी. यातली बरीच यंत्रे परदेशातून येतात, आणि तिथे तीन गोष्टी आडव्या येतात: वीज, रीजन (डिस्क कुठल्या प्रदेशात चालेल याचा शिक्का) आणि पाल-एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती).

अमेरिकेतला यूबी८२० फक्त १२० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला, की आतला पॉवर सप्लाय क्षणात जातो. प्लेअरच्या मागची पट्टी वाचा. ‘१००-२४०’ लिहिले असेल तर निर्धास्त लावा. ‘१२०’ असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. पट्टीवरच्या वॅटच्या आकड्याच्या दुप्पट-अडीचपट व्हीए (ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचे माप) धरा. ८२० ला १०० व्हीए भरपूर झाले. काही अवजड यंत्रांना ११५/२३० चा खटका असतो, तो प्लग लावण्याआधी तपासायचा. ब्रिटन किंवा दुबईचे यंत्र विजेच्या बाबतीत जसेच्या तसे चालते, फक्त पिन बदलावी लागते. आयात शुल्क आणि कर धरून किंमत काढा. छापील डॉलरला गुणून आलेला आकडा फसवा असतो.

यूएचडी डिस्कला रीजन नाही, कुठलीही कुठेही चालते. साध्या ब्लू-रेला आहे: भारत सी, अमेरिका ए, ब्रिटन-दुबई बी. डीव्हीडीत भारत ५, अमेरिका १, ब्रिटन-दुबई २. आपल्या घरातल्या नाटकांच्या आणि मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी पुष्कळदा सर्व रीजनच्या असतात, तरीही अमेरिकन प्लेअर त्या नाकारू शकतो, कारण त्यातल्या बऱ्याच पालमध्ये, ५७६ ओळींच्या आहेत आणि अमेरिकन यंत्र एनटीएससीवर बेतलेले असते. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात पाल की एनटीएससी हे छापलेले असते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्या सांगलीत नाटकांच्या डीव्हीडी जपणाऱ्यांची वाण नाही. त्यांनी यंत्र मागवण्याआधी आपल्या दहा-बारा डिस्क काढून हे वाचावेच. या चित्रीकरणांत ओळी एकाआड एक असतात, आणि त्या सांधण्याचे काम प्लेअरचे. रंगमंचावर नट झपकन वळला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, ते हे काम नीट न झाल्यामुळे. पॅनासॉनिक यात चांगला आहे. व्हीसीडी मात्र खरेदीआधी त्या यंत्राच्या मॅन्युअलमधल्या डिस्कच्या यादीत आहे का, ते पाहूनच धरा.

वळवाचा पाऊस हा आपल्याकडचा या यंत्रांचा मोठा शत्रू. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आले, की नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही. वीज कडाडते तेव्हा झटका छतावरच्या डिशच्या तारेतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीतून प्लेअरमध्ये येतो. डिशची तारही काढा. झटका बसलेला प्लेअर ओळखता येतो: चालू होतो, डिस्क फिरते, आकडे पळतात, चित्र नाही. तेव्हा दुसऱ्या एचडीएमआयला रिसीव्हर जोडून आवाज येतो का पाहा. आला, तर फक्त मुख्य एचडीएमआयची चिप गेली आहे. सीडी ऐकण्यापुरता प्लेअर कामाचा राहतो.

डिस्क अडकण्याची कारणे वेगळी. यूएचडी डिस्क सहसा ६६ जीबीची दोन थरांची असते किंवा १०० जीबीची तीन थरांची, आणि ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. डीव्हीडीत तो ०.६, सीडीत १.२. म्हणून बोटाचा ठसा सीडीला जाणवत नाही, १०० जीबीच्या डिस्कला मात्र आडवा येतो, आणि चित्रपट नेमका थर बदलताना थबकतो. स्वच्छ मायक्रोफायबरने मधून काठाकडे सरळ पुसा. गोल पुसल्याने ओरखडा रेघेच्या बाजूनेच पडतो आणि तो वाचताना सुधारता येत नाही. पावसाळ्यात जावळी-पाटणकडच्या दमट घरांत डिस्कवर बुरशीचे ठिपके येतात. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, नळाखाली धुऊन मगच पुसणे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या डिस्क चिखलात गेल्या, त्यांच्याही अशाच धुऊन निघण्याजोग्या होत्या. फक्त आधी वाहत्या पाण्यात वाळूचे कण जाऊ द्यायचे. कोरड्या चिखलावर फडके फिरवले, की डिस्क कायमची गेली. प्लेअर कृष्णेकाठच्या तळमजल्यावर जमिनीजवळच्या कपाटात ठेवूच नये.

जुन्या ओप्पोचे शेवटी बघू, कारण यूडीपी-२०३ आणि २०५ ची चौकशी अजून होते. २०१८ मध्ये ओप्पोने प्लेअर थांबवले, २०१९ मध्ये सॅमसंगने हा बाजार सोडला, नंतर एलजीनेही. २०३ तेव्हा ५४९ डॉलरचा होता, २०५ होता १,२९९ चा. दोन्ही सुंदर यंत्रे, २०५ चा आवाज आजही कुणाच्या मागे नाही. पण वाचणारे डोळे, म्हणजे लेसर, झिजतात. सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० चा आणि ब्लू-रेला ४०५ चा, असे तीन वेगळे लेसर त्यात असतात. विकणारा सीडी लावून दाखवतो आणि ती हमखास वाजते. निळ्या लेसरबद्दल त्यातून काहीच कळत नाही. म्हणून स्वतःची १०० जीबीची, स्वच्छ डिस्क घेऊन जा. पहिले पाच मिनिट, मधला भाग आणि शेवटची वीस मिनिटे चालवा. मध्ये पाच-सहा वेळा प्रकरणे उड्या मारून बदला. मग प्लेअर तासभर तापू द्या आणि तीच डिस्क पुन्हा घाला. थंड असताना वाचतो आणि तापल्यावर ‘डिस्क ओळखता येत नाही’ म्हणतो, तो लेसर संपत आलेला. ट्रे दहा वेळा उघडबंद करा. मध्ये अडखळला, तर रबरी पट्टा सैल झाला आहे, तो स्वस्त भाग आहे आणि त्यावरून किंमत कमी करून घेता येते. पेनड्राइव्ह एफएटी३२ करून शेवटचे फर्मवेअर त्याच्यासमोरच भरून घ्या. या सगळ्याला दोन-अडीच तास लागतात. तेवढा वेळ द्यायला विकणारा तयार नसेल, तर ते यंत्र सोडून द्या.